शेजारची बाई

पत्रिकेवर सुगुणाचं नाव जाड अक्षरांत आणि त्याखाली 'प्रमुख वक्त्या' असं छापलेलं बघितलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? एकोणसत्तरी गाठली, दोन्ही गुडघे गेले, पण सुगुणा बत्तुल म्हटलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कार्यक्रम आमच्या पूर्व भागातल्या वाचनालयात होता, 'गिरणीच्या आठवणी' नावाचा. गिरणी बंद पडून तीसेक वर्षं झाली. धुराडं तेवढं उभं आहे, त्याच्यावर पिंपळ उगवलाय. आता त्या गिरणीच्या आठवणी सांगायला पुण्याहून बाई आणायच्या! मी इथेच जन्मले, इथेच दिली गेले, सोलापूरच्या बाहेर कधी चार रात्री सलग राहिले नाही. माझ्या घरच्या खिडकीतून ते धुराडं दिसतं. पण मला कोण विचारतंय? मी पडले टॉवेलच्या मागवाल्याची बायको. ती निवृत्त मुख्याध्यापिका.

सून म्हणाली, अत्तम्मा, जाऊ नका, उगाच बीपी वाढवून याल. मी म्हटलं, जाणार आणि पुढच्या रांगेत बसणार. गेले तर पुढच्या पाच रांगा भरलेल्या. सगळी गिरणीचीच म्हातारी माणसं. साचेखात्यातले विणकर, वाइंडिंगमधल्या बायका, एक-दोन जुने जॉबर म्हणजे मुकादम. कुणाला काठी, कुणाला कानाचं मशीन. सहाव्या रांगेत कडेची खुर्ची मिळाली.

सुगुणा आमच्या शेजारची. दोन्ही घरांत एकच भिंत. तिची आई विड्या वळायची, दिवसाला हजार. मांडीवर सूप घेतलं की मान वर करायची नाही. पोरीने काय खाल्लं, कुठे गेली, काही पत्ता नसायचा. त्यामुळे सुगुणा बघावं तेव्हा आमच्याकडे. आमची अम्मा, नरसम्मा, गिरणीत वाइंडिंगमध्ये, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. पाळी सुटली की केसांत कापूस, पापण्यांवर कापूस, अंगाला खळीचा वास. ती भाकरी थापायला बसली की सुगुणा चुलीपाशी तिला अगदी चिकटून. शेंगाच्या चटणीचा पहिला गोळा तिच्या ताटात. मी पोटची पोर, मी बघत बसायची. पाहुण्याला आधी वाढतात, असं अम्मा म्हणायची. रोजच्या रोज येणारा कसला आलाय पाहुणा?

चटणीचंही एक वेळ सोडून देईन. खरं दुखणं ओठांचं होतं.

साचे म्हणजे माग सुरू झाले की गिरणीत शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही. म्हणून बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या, तोंड मोठं करून, एकेक शब्द दाखवून. वीस वीस हातांवरून एकमेकींना सगळं सांगायच्या. मग तीच सवय गल्लीत. रस्त्याच्या अलीकडून पलीकडे, मध्ये सासू बसलेली असताना तिच्या देखत सासूच्या चहाड्या चालायच्या, आणि म्हातारीला वाटायचं, सुना किती गुणाच्या, हूं की चूं नाही. अम्माने ही बोली मला शिकवली. आणि मी शिकत असताना सुगुणा शेजारी बसून माझ्यापेक्षा लवकर शिकली. तिचं सगळं असंच.

दुपारी तीनला भोंगा झाला की अम्मा गिरणीच्या फाटकातून बाहेर यायची. समोरच आमची शाळा. आमची मधली सुट्टी तेव्हाच असायची. रस्त्यावर सायकलींची ही गर्दी. अम्मा पलीकडच्या फुटपाथवरून, माणसांच्या डोक्यांवरून मला विचारायची, "भूदी, तिन्नावा?" भूदी म्हणजे मी; तेलुगूत विचारायची, जेवलीस का? मी इकडून ओठांनीच सांगायची, "तिन्ना." जेवले. मग ती मान हलवून घरी जायची. रोजचं होतं. त्या वेळी त्याचं काही वाटायचं नाही.

सहावीत असताना अम्माने माझ्याशी ओठांनी बोलणं बंद केलं. ती सुगुणाशी बोलायला लागली. रोज तीनला रस्त्यापलीकडे उभी राहायची आणि सुगुणाकडे बघून ओठ हलवायची, सुगुणा उत्तर द्यायची. माझ्याकडे अम्मा तोंडसुद्धा वळवायची नाही. मीही हट्टाने पाठ करून उभी राहायची, काय बोलतात ते बघायचंच नाही म्हणून. घरी अम्मा प्रेमाने वागायची, वेणी घालायची, सगळं. पण ते ओठ सुगुणाचे झाले. का झाले ते मला ठाऊक नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

तर सुगुणा उभी राहिली. चंदेरी काठाची साडी, पांढरे केस नीट कापलेले. बोलायला लागली आणि सगळे मान डोलवायला लागले. भोंग्यावर घड्याळं लावायचो, गिरणीच्या गरम पाण्याच्या नाल्यात पाय शेकायचो, गड्ड्याच्या जत्रेत नव्या परकरांवर धूळ बसायची. बोलते छान, ते मान्य. मागे बसलेली मेर्गूची म्हातारी तर डोळे पुसायला लागली. मी मनात म्हटलं, बोल बाई, नाला काही माझ्या एकटीचा नव्हता.

मग ती म्हणाली, "माझी अम्मा गिरणीत होती. पाळी सुटली की रस्त्यापलीकडून ओठांनी मला विचारायची, सुगुणा, तिन्नावा?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हिची अम्मा? हिची अम्मा विड्या वळायची, गिरणीचं फाटक तिने आतून पाहिलं नाही! भाकरी खाल्लीस, चटणी खाल्लीस, ओठ घेतलेस, आता आईच घेतलीस? बाहेर बोलायची सोय नव्हती, चार भले लोक बसलेले. म्हणून मी तोंड एवढं मोठं करून, आवाज न काढता तिला सुनावलं, "चोरटे, ती माझी अम्मा आहे."

आणि माझ्या लक्षात आलं की शेजारची येमूलबाई माझ्या तोंडाकडे बघतेय. तिने पुढच्याला ढोसलं आणि माझं वाक्य ओठांनीच पुढे दिलं. पुढच्या पाच रांगांमधल्या माना एकेक करून मागे वळल्या. अख्खं सभागृह गिरणीचं, आणि मी त्यांच्यासमोर गुपचूप बोलायला गेले! भर सभेत ओरडले असते तर निम्म्यांना ऐकू तरी आलं नसतं. फक्त व्यासपीठावरचे अध्यक्ष, ते बिचारे कॉलेजातले, त्यांना काही कळेना.

सुगुणा थांबली, तशा माना तिच्याकडे फिरल्या. माइकपासून तोंड बाजूला घेतलं आणि तिनेही आवाज न काढता विचारलं, "आणि शाळेच्या खेळांच्या दिवशी ती कुणाची होती?"

माना पुन्हा माझ्याकडे वळल्या.

त्या दिवशी शाळेत खेळ होते. मैदानावर मी पुढच्या ओळीत, पांढरा फ्रॉक, हातात झेंडा. आमच्या नव्या शिक्षिका, चिटणीस बाई, माझ्या बाजूला. पाळी सुटून अम्मा तशीच आली, डोक्यावर कापूस, पदर खोचलेला. शिपायाने आत सोडलं नाही, म्हणून फाटकाचे गज धरून उभी राहिली आणि एवढ्या लांबून तोंड उघडून विचारायला लागली, भूदी, तिन्नावा? पोरी हसायला लागल्या. कोण गं ती वेडी, तोंड वेडंवाकडं करलाली म्हणून. बाईंनी मला विचारलं, तुझी कोण गं? मी म्हटलं, "कुणी नाही. शेजारची बाई आहे."

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, पोरांना नाही. सुगुणा माझ्या मागेच उभी होती, तिने ऐकलं असणार, ते मला माहीत होतं. तिच्यावरचा माझा निम्मा राग त्याचाच. पण मी मनाची समजूत घातली होती की अम्मापर्यंत काही पोचलं नाही.

सुगुणाने कसंबसं भाषण आटपलं. चहाच्या वेळी मी बाहेर पायरीवर बसले होते. ती दोन कप घेऊन आली, एक मला दिला आणि शेजारी टेकली. मी घेतला. चहावर कशाला राग काढायचा?

मी म्हटलं, म्हणजे तू अम्माला जाऊन सांगितलंसच ना तेव्हा? म्हणूनच ती माझ्याशी बोलायची बंद झाली.

"मी काही सांगितलं नाही."

"मग तिला कसं कळलं? ती फाटकाशी होती. तिथे काय ऐकू येतंय?"

सुगुणाने माझ्याकडे बघितलं. "भूदी, अम्माला कधी ऐकू यावं लागत होतं का?"

चहा साडीवर सांडला. ज्या बाईने मला ओठ वाचायला शिकवलं, तिच्याकडे तोंड करून मी ते बोलले होते. सत्तावन्न वर्षं मी स्वतःला सांगत होते की ती लांब होती. ती मरतानाही मी उशाशी बसून हेच म्हणत होते, बरं झालं, हिला कळलं नाही.

मग सुगुणा सांगायला लागली. त्या संध्याकाळी अम्मा तिच्याबरोबर घरी आली म्हणे, वाटेत हसली. म्हणाली, पोरीला मैत्रिणींत लाज वाटते, वाटणारच, मी अशी भूत होऊन गेले. आता तिला चारचौघांत नाही विचारायचं. तू तर शेजारचीच आहेस, तूच सांगत जा मला.

"काय सांगत जा?" मी विचारलं.

"काय म्हणजे? दुसरं काय विचारायची ती?" सुगुणाचा आवाज चिरकला. "रोज तीनला मी धावत पुढे यायची. वाटायचं, आज मला विचारेल. मी तर कित्येकदा काही खाल्लेलं नसायचं. आणि विचारायची काय? भूदी जेवली का. वर्षानुवर्षं, भूदी जेवली का, भूदी जेवली का. आणि तू तिकडे पाठ करून उभी. तुझं तोंड बघून मला एक द्यावीशी वाटायची."

मी साडीवरचा चहा पुसत राहिले.

"म्हणून आज म्हटलं," ती म्हणाली. "एकदा तरी माझं नाव घालून म्हटलं. तुझी आई नेली नाही मी, भूदी. एक वाक्य घेतलं."

तेवढ्यात तिचा पुतण्या बोलवायला आला. पुण्याला पोचायला उशीर होईल म्हणत होता. ती कप ठेवून उठली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली, गाडीत बसली, काच खाली केली. मध्ये रिक्षा, फटफट्या, टॉवेलचे गठ्ठे घेतलेला टेम्पो.

खरं सांगते, तिला काही द्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. तो प्रश्न मला इतक्या वर्षांनी परत मिळाला होता, त्याला धड पाव तासही झाला नव्हता. जन्मभर जे तिचं आहे म्हणून जळले, ते सगळं माझंच निघालं होतं. ते मला एकटीला हवं होतं.

मी कठड्याला धरून उभी राहिले. ती माझ्याकडेच बघत होती. मी तोंड उघडलं, अम्मासारखं मोठं करून, आणि माणसांच्या डोक्यांवरून विचारलं, "सुगुणा, तिन्नावा?"