पत्र्याखालची दुपार

माझ्या पत्र्याला नाव ठेवायचं न्हाय, असं मी आठ वर्षं सगळ्या गडमुडशिंगी गावाला सांगत आलतो. कोण म्हणालं, "आकाराममामा, तुमच्या घरात लई उकडतंय की," तर मी म्हणायचो, "तुला ताप आला आसंल. दवाखान्यात जा." चारचौघांत एकदा बोललो की बोललो. तीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस मी. पावती फाडली की आकडा बदलायचा न्हाय, ही सवयच लागलीया.

पत्रा घातला तो रिटायर झालो त्या साली, फंडाच्या पैशातनं. आधी कौलं होती. माकडं यायची, फोडायची, आन् दर पावसाळ्याच्या आधी मी वर चढून बदलत बसायचो. माझी बायको बयाबाई म्हणाली, "कौलंच ऱ्हाऊ द्या. घर गार ऱ्हातंय." मी म्हटलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं निळा पत्रा आणला आन् ठोकला. बयानं मान वर करून बघितलं आन् एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात तुमीच बसा मग ह्येच्याखाली."

बसलो की. आठ उन्हाळं बसलो.

जेवणं झाली, भांडी झाली की साडेबाराला बया उशी काखेत मारायची आन् सडकेनं वळसा घालून रफिकच्या घरात आडवी व्हायला जायची. रफिक आमचा शेजारी. आमच्या भिंतीला लागून त्याचं गाड्या धुवायचं सेंटर, आन् सेंटरच्या पलीकडं त्याचं कौलारू घर. त्याची बायको नुजहत बयेला मामी म्हणती, चटई टाकून ठेवती. हिकडं मी एकटा पत्र्याखाली, अंगात बंडी, हातात पेपर, पंखा गरम वारा फेकतोय म्हणून पेपरच्या घडीनं वारा घेत. कुणी दारातनं डोकावलं की पेपर वाचायला लागायचो. घामानं अक्षरं बोटाला चिकटायची, पण उकडतंय म्हणून तोंडातनं शब्द काढला न्हाय.

आन् ह्या रफिकचं एक माझ्या डोक्यात जायचं. रोज दुपारी दोनच्या ठोक्याला त्याच्या पाईपाचं पाणी धाडधाड माझ्या पत्र्यावर पडायचं. मी भिंतीवरनं वराडायचो, "आरं, गाड्या धू की! माझा पत्रा कशाला धुतोस? गंज चढंल त्याला!" त्यो नळी खाली घेऊन म्हणायचा, "हात चुकला, मामा." आठ वर्षं एका माणसाचा हात रोज दोनलाच कसा काय चुकतोय? मी दोनदा सरपंचाकडं तक्रार घेऊन गेलतो. पाणी पडलं की अर्धा तास घरात जरा बरं वाटायचं, ह्ये मात्र मी सरपंचाला सांगितलं न्हाय.

ह्या साली बयेचा गुडघा धरला. साडेबाराच्या उन्हात उशी काखेत घेऊन लंगडत चाललेली बायको मी दारातनं रोज बघायचो. खरं सांगतो, तीस वर्षं मी शिफ्टा केल्या. गळीत हंगामात दिवस का रात्र कळायचं न्हाय. त्या वेळी एकच मनात होतं, रिटायर झालो की दुपारी दोघं निवांत पडू, चार गोष्टी बोलू. आन् मीच पत्रा ठोकून तिला घराबाहेर काढलं. तिला जाऊ नको म्हणायला तोंड होतं कुठं मला?

त्यातच आमची लेक क्रांती गारगोटीहून आली. तितं शाळेत शिक्षिका हाय. म्हणाली, "आण्णा, सरकारनं पत्र्याच्या घरांसाठी अनुदान काढलंय. वरनं ऊन परतवणारा पांढरा रंग, आतनं जाड शीटा. घर कौलांपेक्षा गार ऱ्हातंय. फॉर्म भरू?"

"काय गरज न्हाय," मी म्हटलं. सवयच ती.

तिनं नुसतं दाराकडं बघितलं. दारातनं बया उशी घेऊन निघालीवती.

"भर," मी म्हटलं. "पण गावात बोलू नको."

गावात न बोलता कसं व्हायचं? पंधरा दिवसांनी निरोप आला, अनुदानाच्या हापिसातल्या मॅडम पाहणीला येणार. दुपारी दोन वाजता घराच्या आतली उष्णता मोजणार, चाळीसच्या वर पाहिजे. आन् पंचनाम्याला शेजारचे दोन पंच पाहिजेत. म्हंजे आठ वर्षांची माझी बढाई पंचांच्या सहीनं खोटी ठरणार. दोन रात्री झोप लागली न्हाय. शेवटी रफिकला बोलावलं आन् कृष्णातला बोलावलं. कृष्णात माझा जुना दोस्त, त्याच्या तोंडाला कुलूप न्हाय. त्यानं विचारलं, "आकाराम, तुझं तर घर हवाशीर हाय की. मग कशाचं अनुदान?" मी म्हटलं, "सही करायला बोलावलंय, अक्कल वाटायला न्हाय." बयेला नुसतं सांगितलं, "मॅडम येणार हायत, आज तेवढी घरात ऱ्हा. बोलायचं काय ते मी बोलतो."

ती म्हणाली, "ऱ्हाते की. मी कुठं पळून चाललीया?"

सकाळपास्नं तिची गडबड चाललीवती. फरशी दोनदा पुसली. खिडकीला ओली पोती लावली. मला वाटलं, पावणं येणार म्हणून साफसफाई आसंल. मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आन् आरशापुढं उभं राहून म्हणून बघितलं, "घरात थोडं उकडतं." मग बारापास्नं मॅडमना घर दाखवायला सडकेच्या तोंडाला जाऊन उभा ऱ्हायलो.

दोनला मॅडम स्कूटीवरनं आल्या. संयोगिता मॅडम. पोरगी वयानं क्रांतीएवढी, उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. "या पावणं," मी म्हटलं. बयानं ताक दिलं. मॅडमनी पिशवीतनं बारकं यंत्र काढलं, मधल्या तुळईला टांगलं, पंखा बंद करायला लावला. धा मिनिटं आमी सगळी यंत्राकडं बघत बसलो.

"तेहेतीस," मॅडम म्हणाल्या.

"परत बघा."

"तेहेतीसच आहे, काका. उलट छान गार आहे घर तुमचं."

माझा काट्यावर विश्वास. तीस वर्षं लोकांना हेच ऐकवलंय, की माणूस खोटं बोलंल, काटा बोलत न्हाय. मॅडम बयेकडं वळल्या, "मावशी, तुम्ही सांगा. दुपारी उकाड्याचा त्रास होतो का?"

बयानं माझ्याकडं बघितलं. मग कृष्णातकडं बघितलं. पदर सारखा केला आन् ठासून म्हणाली, "न्हाय की ओ बाई. लई हवाशीर हाय. आमच्या मालकांनी नीट बघूनच पत्रा घातलाय."

आरं देवा! ह्ये एक वाक्य ऐकायला मी आठ वर्षं कान लावून बसलोतो. आन् बाईनं मुहूर्त कुठला धरला तर आजचा!

कृष्णात मांडी थोपटून हसला. "घे, बायकोनंच सर्टिफिकेट दिलं!"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आन् कागदावर काय तरी लिहायला लागल्या. तेवढ्यात मला आवाज आला. टप. मग परत टप. पत्र्याच्या कडेला पाणी गळत होतं. एप्रिल महिना, आभाळात बोटाएवढा ढग न्हाय. कारखान्यावर ऊस वजनात भरावा म्हणून पाणी मारून आणलेली ट्रॉली मी फाटकातनंच वळखायचो. मी उठलो, बाहेर गेलो आन् वर बघितलं. अख्खा पत्रा भिजलेला, वाफा निघत होत्या.

"रफिक!"

रफिक बाहेर आला. मान खाली.

"आज तरी हात आवरायचास की रं! आजच चुकला?"

"न्हाय चुकला, मामा," तो म्हणाला. "मामींनी सांगितलंतं. बारापास्नं तीनदा मारलंय."

मी बयेकडं बघितलं. ती उंबऱ्यात उभी. म्हणाली, "आवं, बाईमाणूस भर उन्हातनं आपल्या दारात येणार. त्येला काय भट्टीत बसवायचं व्हय? पावण्यासाठी घर गार केलं, त्यात काय चुकलं माझं?"

"आगं, ती भट्टीच मोजाय आलीया!"

एवढा वराडलो की सेंटरवरची माणसं भिंतीवरनं बघाय लागली. नुजहत पण आली. डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाली, "मामा, मामींना बोलू नका. आजचंच न्हाय ह्ये. आठ वर्षं मामीच सांगत्यात. दोन वाजले की ह्यांना म्हणत्यात, मार की रं पाणी, मालक एकटंच बसल्यात पत्र्याखाली. पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज आला की मगच मामींचा डोळा लागतोय. तवर नुसत्या कूस बदलत पडत्यात."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाय?"

"सांगितलं असतं तर मारू दिलं असतं व्हय तुमी?" रफिक म्हणाला.

नसतं दिलं. ह्ये मला बी ठाऊक आन् गावाला बी. सरपंचाकडं दोनदा गेलेला माणूस मी. आठ वर्षं त्या पोरानं माझ्या शिव्या खाल्ल्या आन् रोज दोनला पाणी मारलं. मी आत येऊन खुर्चीवर बसलो. बसल्या बसल्या डोळं भरून आलं, आन् कृष्णातसमोर भरून आलं.

"मॅडम, लिहा," मी म्हटलं. "बायको खोटं बोलतीया. माझी अब्रू राखायला बोलतीया. खरं म्हंजे खोटं बोललोय ते मी, आठ वर्षं. ह्ये घर भट्टी हाय. दुपारी हितं माणूस बसू शकत न्हाय. म्हणून ही गुडघा धरून दुसऱ्याच्या घरात निजाय जाती, आन् मी हितं मढ्यासारखा पडून असतो. मला माझी बायको दुपारी घरात पाहिजे. दुसरं काय नको. पंचांच्या सह्या घ्या."

कुणी हसलं न्हाय. कृष्णात सुद्धा. बया माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी पहिल्यांदाच बोललोय.

मॅडम म्हणाल्या, "काका, मला पटलंय. पण कागदावर आकडा लागतो."

"मग थांबा तासभर. पत्रा वाळू द्या. काटा बरोबर बोलंल."

थांबल्या बिचाऱ्या. बयानं पोती काढली. पंखा बंद. आमी सहा जण त्या घरात बसलो. तीन वाजायच्या आधी कृष्णातनं सदरा काढून खांद्यावर टाकला. "आयला आकाराम," तो म्हणाला, "ह्यात बसत होतास तू?" बया मॅडमना पदरानं वारा घालत होती आन् मला डोळ्यांनी खात होती, पावण्याचं काय हाल केलंत म्हणून. सव्वातीनला मॅडम उठून यंत्रापाशी गेल्या. त्रेचाळीस. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, आकडा लिहिला आन् त्याच्याखाली दोन वळी आणखी लिहिल्या. रफिकनं सही केली, कृष्णातनं केली. जाताना मॅडम बयेला म्हणाल्या, "मावशी, परत पाहणी होईल. तेव्हा मात्र पाणी मारू नका हं."

मे महिन्यात काम झालं. वरनं पांढरा रंग, आतनं जाड शीटा. पहिल्या दिवशी साडेबाराला बयानं भांडी पालथी घातली, सवयीनं उशी काखेत मारली आन् दारात जाऊन एका पायात चप्पल घातली. मी पेपरात तोंड घालून बसलोतो. श्वास रोखला होता, खोटं कशाला बोलू? तिनं चप्पल काढली. परत आली आन् माझ्या खुर्चीपाशी चटई टाकली.

"बरं वाटतंय की," ती छताकडं बघत म्हणाली.

"मग? म्हटलं न्हवतं, हवाशीर हाय?"

"आता गप बसा."

गप बसलो. घर खरंच गार झालंतं. पण एक वाजला, दीड वाजला, ती आपली ह्या कुशीवरनं त्या कुशीवर. डोळं मिटायची, परत उघडायची. मी विचारलं, "गुडघा दुखतोय?" न्हाय म्हणाली. "उकडतंय?" न्हाय म्हणाली. "जागा बदलली की झोप येत न्हाय," म्हणाली आन् स्वतःच हसली, आपल्याच घराला जागा बदलली म्हटलं म्हणून.

दोन वाजले. बाहेर काय आवाज न्हाय. रफिकला मीच बजावलंतं, आता पाणी मारायचं न्हाय, नवा रंग हाय.

मी उठलो. अनवाणीच भिंतीपाशी गेलो. रफिक एका मोटारीला साबण लावत होता.

"रफिक," मी हळूच हाक मारली. "जरा हात चुकव की."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं आन् काय न विचारता नळी वर केली. पाणी धाडधाड पडलं. मी आत आलो तवर बया झोपली होती.