पाच गाठी

गुणाबाईंनी जन्मात कधी माळेची किंमत तोंडानं सांगितली नव्हती. कंधारला त्यांच्या ओसरीवर बायका काळे मणी घेऊन यायच्या, गाठवून न्यायच्या आणि जाताना सुपात मूठभर ज्वारी अन् जमतील तेवढे पैसे ठेवायच्या. सवाष्णीच्या गळ्यात जायची वस्तू. तिला गाठवणारीनं मोल लावू नये, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं.

पण लातूरच्या बचत गटांच्या प्रदर्शनात सूप कुठं ठेवणार? सून दीपमाला शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची. तिनं तीन माळांना मोबाईलवर वेळ लावून सरासरी काढली. सात तास. म्हणजे खुरपणीची एक रोजंदारी, साडेतीनशे. मणी आणि रेशीम एकशे तीस. झाले चारशे ऐंशी. तिनं सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहून सोळाही माळांना बांधल्या.

शेजारी उदगीरच्या मलप्पांनी मशीनच्या माळांचा ढीग लावला होता. "नव्वद! नव्वद! या ताई, तीन घेतल्या तर अडीचशे!"

दुपारपर्यंत दीपमालाची एकही माळ हलली नाही. बायका माळ उचलायच्या, चिठ्ठी वाचायच्या आणि चटका बसल्यासारखी खाली ठेवायच्या.

"ह्यात प्रत्येक मण्याच्या मागं गाठ आहे," ती सांगायची. "दोरा तुटला तरी एकच मणी पडेल."

"अगं, एवढ्यात नव्वदवाल्या पाच येतात," एक बाई म्हणाली. "तुटली की दुसरी घालीन."

गणित बरोबर होतं. दीपमालानं माळ पुन्हा ओळीत लावली.

मलप्पा पान चघळत आले. "अक्का, सगळ्या शंभरानं द्या मला. कशाला वझं परत न्यायचं? आन् पुढच्या महिन्यापासून पन्नास-पन्नास माळा देत चला. गाठी नकोत, टोकाला गम लावायचा. हाय काय, नाय काय!"

"दिवस मावळंस्तोर बघते," गुणाबाई म्हणाल्या.

घरून निघताना गुणाबाई काय म्हणाल्या होत्या, ते दीपमालाला आठवत होतं: मातीमोल गेल्या तर रेशीम गुंडाळून माळ्यावर टाकीन, पुन्हा बसायची न्हाई. आणि त्या बोलल्या की बोलल्या.

ती चहा आणायला गेली. दोन कप सांभाळत परत आली तर माळांवर एकही चिठ्ठी नव्हती. सगळ्या कापून टेबलावर ढीग केलेला. गुणाबाई खाली सतरंजीवर बसल्या होत्या, पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून, जशा घरी बसतात तशा. समोर इस्त्रीच्या साडीतली एक बाई खांद्यावरच्या पर्ससकट तशीच बसलेली. तिच्याही अंगठ्याला दोरा होता आणि जीभ दातांत धरलेली.

"आत्याबाई, हे काय करून राहिलात?"

"मोल सांगणं माझ्याच्यानं होत न्हाई, दीपे. मग जी घेणार तिनंच सांगावं. पण पाच गाठी मारून सांगावं." त्या समोरच्या बाईकडे वळल्या. "मणी दाबून धर, सिंधुताई. आता वढ."

सिंधुताईंनी ओढलं. गाठ मण्यापासून दोन बोटं अलीकडेच बसली.

"मधून म्हैस जाईल की वो बाई!"

भोवतीच्या बायका खदखदून हसल्या. सिंधुताईही हसल्या आणि पुन्हा वाकल्या. चौथ्या गाठीला त्यांनी मान चोळली. पाचवी कशीबशी मण्याला टेकली.

"अशा किती असतात एका माळेत?"

"एकशेचाळीस."

सिंधुताईंनी पुन्हा एकदा मान चोळली. मग पर्स उघडून त्यांनी साडेपाचशे रुपये सतरंजीवर ठेवले.

"ताई, चारशे ऐंशीच..." दीपमाला बोलून गेली.

"तू गप," सिंधुताई म्हणाल्या. "मान माझी दुखली."

मग त्याच दोऱ्यावर पाच-पाच गाठी मारायला सतरंजीभोवती रेटारेटी झाली. कुणाच्या गाठीतून म्हैस गेली, कुणाच्या गाठीतून बैलगाडी. एक आजी पाचही गाठी चोख मारून बसल्या आणि म्हणाल्या, "माहेरी शिकले होते, विसरले न्हाई अजून!" काही जणी नुसत्या हसून गेल्या. कॉलेजातल्या एका मुलीनं तीनशेच ठेवले. "एवढेच आहेत, मावशी." दीपमाला काही बोलणार, तोच गुणाबाईंनी ते पैसेही तसेच कपाळाला लावले. दीपमाला चिठ्ठ्यांच्या पाठीवर एकेक आकडा टिपत राहिली.

पाच वाजता एकच माळ उरली. मलप्पांचं गिऱ्हाईकही इकडेच उभं होतं, म्हणून तेही आले.

"बसा, मलप्पा."

"म्या?"

"बसा की. शंभर म्हणत व्हता ना?"

मलप्पा बसले. पोटामुळं अंगठा हाताला लागेना. सुटलेला दोरा दोघींनी पकडून दिला. दोन गाठी झाल्या, तिसरीला रेशीम तटकन तुटलं आणि एकच मणी टपकन सतरंजीवर पडला. बायकांनी गाठवलेले बाकीचे जागच्या जागी राहिले.

मलप्पांनी तो मणी उचलून पाहिला. "अक्का," ते घाम पुसत म्हणाले, "फाल्गुनात माझ्या लेकीचं लगीन हाय. ही राहिलेली तिला." त्यांनी पाचशे ठेवले आणि वर आणखी पन्नास. "हा शंभर म्हणल्याचा दंड."

परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसल्या असताना दीपमालानं सोळा आकड्यांची बेरीज केली, सोळानं भागलं, पुन्हा एकदा भागलं.

"आत्याबाई, सरासरी चारशे एक्याण्णव आली. अकरा रुपये जास्त. माझं कुठं चुकलं?"

गुणाबाईंनी मान डावीकडे-उजवीकडे कडाकडा मोडली. "तू हातच मोजले, पोरी. ही मोजलीच न्हाईस."

दीपमाला हसली. पिशवीतून तिनं बायकांनी गाठी मारलेला तो दोरा काढला, चप्पल सारून अंगठ्याला अडकवला, एक मणी ओवला आणि ओढला.

"बघा बरं. म्हैस जाते का?"

गुणाबाईंनी दोरा डोळ्यांजवळ नेला.

"म्हैस न्हाई," त्या म्हणाल्या. "तिचं रेडकू जाईल. मार अजून."