माझा हिरवा दिवा खोटा होता

मी एक सेन्सर आहे. स्वतःला जुना म्हणवून घ्यायला जीभ रेटत नाही, कारण वय अवघं तीन वर्षांचं. पण मित्रांनो, आमच्यात तीन वर्षं म्हणजे उतारवयच. शिवाय जे पाहिलं, त्याने कुणीही लवकर म्हातारा झाला असता.

मुळशी तालुक्यात, उरवड्याच्या अलीकडे एक छोटं तांत्रिक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या कार्यशाळेत एक प्रेस आहे, म्हणजे पत्रा कापायचं आणि त्याला भोकं पाडायचं मशीन. पायाने पेडल दाबलं की वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो. मध्ये पत्रा असो की बोट, त्याला दोन्ही सारखंच. या प्रेसच्या तोंडाशी आम्ही दोघं भाऊ पिवळे खांब होऊन उभे आहोत. डावीकडून तो डोळ्यांना न दिसणारे किरण सोडतो आणि उजवीकडे मी ते झेलतो. मध्ये हात आला की किरण तुटतात. मग मी मशीनला जागच्या जागी थांबवतो आणि इंटरनेटवरून सरांच्या मोबाइलवर निरोप धाडतो. सगळं ठीक असलं की माझ्या डोक्यावर हिरवा दिवा लागतो.

मला इथे शैलेश सरांनी आणलं. खोक्यातून बाहेर काढताना त्यांनी मला बाळासारखं दोन्ही हातांनी उचललं होतं. पण माझी खरी ओळख झाली ती बाबालाल यांच्यामुळे.

बाबालाल यांचं पौडच्या बाजारात चपलांचं दुकान आहे. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. ती एका कारखान्यात अशाच प्रेसखाली गेली, तेव्हा त्यांची लेक रुही पाळण्यात होती. ही रुही आमच्याकडे शिकायला आली आणि पहिल्याच पालक सभेत बाबालाल तिला परत न्यायला आले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि हे तर ताक नव्हतं, तेच दूध होतं.

"पोरीला न्यायला आलोय," ते म्हणाले. "या मशिनीपाशी न्हाई ठेवायची मला."

शैलेश सर वाद घालत बसले नाहीत. त्यांनी डब्यातली काकडी काढली, प्रेसच्या तोंडात धरली आणि पेडल दाबलं. ठोकळा वरच थांबला. सरांनी ती काकडी बाबालाल यांच्या हातात दिली, अख्खीच्या अख्खी. त्यांनी ती खिशात घातली आणि सगळ्यांच्या देखत आपला तीन बोटांचा हात आत घातला. "दाबा," ते सरांना म्हणाले.

सरांनी दाबलं आणि मी थांबवलं. त्यांनी हात बराच वेळ तसाच ठेवला होता.

"तवा ह्यो आसता तर..." एवढंच ते म्हणाले. मग रुहीकडे वळून, "शीक. पन ह्याच्या नजरंखाली."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. एका माणसाने आपली लेक माझ्या भरवशावर ठेवली होती.

नंतर वर्षभर माझं कौतुकच कौतुक झालं. पाहुणे येत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. खंडेनवमी आली तेव्हा कार्यशाळा झाडणाऱ्या तुळजाबाईंनी सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, हळद-कुंकू लावलं. माझ्यापाशी येऊन त्या थबकल्या.

"मशिनीला लावलं आन् राखनदाराला तसंच ठिवू व्हय?" असं म्हणत त्यांनी माझ्या काचेवर वरपासून खालपर्यंत कुंकवाची बोटं ओढली. माझी ती पहिलीच पूजा. मी भरून पावलो आणि आंधळा झालो.

दसऱ्याची सुट्टी संपली. त्या सकाळी एका कंपनीचे लोक शिकाऊ मुलं निवडायला येणार होते आणि प्रेस सुरूच होईना. माझ्यापर्यंत किरण पोचत नव्हते, दिवा लाल होता. शैलेश सरांनी घाईघाईत तेलाच्या चिंधीने काच पुसली, तर कुंकवाचा चिखल झाला. गाडी फाटकाशी आल्याचं कुणीतरी सांगितलं. सरांनी माझी वायरींची पेटी उघडली आणि आत बोटभर लांबीची लाल वायर लावली. आता मी काहीही ओरडलो तरी ती वायर मशीनला सांगणार होती, 'सगळं ठीक आहे.'

"तासाभराचा प्रश्न आहे," सर स्वतःशीच म्हणाले. मशीन चाललं. पाहुण्यांनी लाल दिव्याबद्दल विचारलं नाही, सरांनी सांगितलं नाही.

दुपारी तुळजाबाईंनी साबणाच्या पाण्याने माझी काच लख्ख धुतली. मला पुन्हा दिसू लागलं, हिरवा दिवा लागला. तो पाहून सरांना वाटलं, झालं काम. वायर आतच राहिली. त्याच आठवड्यात त्यांना नाशिकला मोठी नोकरी लागली आणि ते गेले. माझे निरोप मात्र त्यांच्याच मोबाइलवर जात राहिले: 'हात आत. मशीन थांबलं नाही.' सकाळी सकाळी येणारे सुप्रभातचे निरोप लोक गप्प करून ठेवतात, तसे सरांनी माझेही केले असावेत. कारण कुणी आलं नाही.

त्यांच्या जागी दयानंद सर आले. माणूस सज्जन. रोज माझा हिरवा दिवा मुलांना दाखवायचे. "याचं लक्ष असतं, घाबरू नका." मी आतून ओरडायचो की सर, घाबरा! मला तोंड कुठे होतं?

खरं सांगू? मी तिथे नसतो तर मुलांनी आपले हात जपले असते. मी होतो म्हणून ती बिनधास्त झाली होती.

एका दुपारी रुही अडकलेला पत्र्याचा तुकडा काढत होती. तिचा पाय पेडलवरून निघाला नव्हता. मी हात पाहिला, थांब म्हणालो, निरोप धाडला. ठोकळा खाली आला. तिने हात मागे ओढला, पण हातमोज्याची दोन टोकं आतच राहिली. तिच्या मैत्रिणीने, जुईलीने तोंडावर हात ठेवला.

"सरांना सांगूया."

"नको गं. सर घरी फोन करत्यात. अब्बा उद्यापास्नं घरी बसवत्याल." रुहीने माझ्याकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. "माझंच चुकलं आसंल," ती म्हणाली आणि मोजा भंगाराच्या डब्यात गेला.

मी खोटं बोलत होतो आणि ती स्वतःला दोष देत होती. यापरता लाचारपणा कुठला?

मग यंदाची पालक सभा आली. बाबालाल आले, या वेळी हसत. नव्या मुलींच्या आया मशीन पाहून मागे सरकत होत्या. ते पुढे झाले.

"भ्यायचं कारन न्हाई. मी दावतो तुमास्नी."

त्यांनी बाही सारली आणि तोच तीन बोटांचा हात आत घातला. दयानंद सर हसतमुखाने पेडलकडे गेले. मी हात पाहिला. मला तो हात ओळखीचा होता. मी जिवाच्या आकांताने थांब, थांब म्हणत होतो आणि पेटीतली ती लाल वायर माझ्या नावाने सांगत होती, सगळं ठीक आहे.

"अब्बा, हात काढा!"

रुही धावत आली. तिने त्यांचा हात खसकन ओढला आणि काखेतली आपली प्रॅक्टिकलची वही मध्ये सारली. "आता दाबा, सर."

सरांनी दाबलं. धाड! वहीला आरपार भोक पडलं. रुहीने वही बाहेर ओढली आणि माझा दिवा पुन्हा हिरवा झाला. त्या हिरव्या दिव्याकडे सगळे पाहत राहिले.

"तुला म्हाईत व्हतं?" बाबालाल यांनी विचारलं.

रुहीने मोज्याचं सांगितलं. त्यांनी तिचे दोन्ही हात पुढे घेतले, एकेक बोट दाबून पाहिलं. मग तिची पिशवी उचलली. "चल."

संध्याकाळपर्यंत पेटी उघडली गेली, वायर निघाली. वरातीमागून घोडं! आता मी पुन्हा खरोखर थांबवतो. दयानंद सर रोज सकाळी आधी लाकडी पट्टी घालून मला तपासतात, मगच मुलांना मशीनला हात लावू देतात. सगळं नीट आहे, फक्त रुही नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. जे ओरडणं माझं काम होतं, ते तिने केलं, आणि घरी तीच बसली.

मित्रांनो, आमची पूजा करा, नाहीतर करू नका, पण रोज एकदा आमची परीक्षा घ्या. नुसत्या दिव्यावर जाऊ नका. आणि तुमच्यापैकी कुणी पौडच्या बाजारात गेलं, तर चपलांच्या दुकानात डोकवा. बाबालाल यांना सांगा, 'आता तो सेन्सर मशीन खरंच थांबवतो. या आणि काठी घालून बघा.'

त्यांचा विश्वास बसणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगा. मला स्वतःला जाता येत नाही.