खाडीवरचे तेरा बगळे

चिखलावर नऊ बगळे होते, दोन पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते, आणि खाडीच्या तोंडाशी होड्यांना वाट कळावी म्हणून चार पांढरे खुंटे रोवलेले होते. धाकटीने मचाणाच्या कठड्यावर कोपरं टेकून दोनदा मोजलं. मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे, आणि आज तर अंगाचं पार भुस्कट झालं होतं तरी पडत नव्हतं.

थोरलीच्या नव्या घरी कपाट, पलंग आणि शिलाई यंत्र उतरवून बापलेक रिकामा टेम्पो घेऊन परत निघाले होते. रस्त्याला पक्ष्यांच्या अभयारण्याची पाटी दिसली आणि बाबांनी गाडी आत घातली. जन्मभर टेम्पो चालवलेला हा माणूस घरची वाट धरल्यावर कधी मध्येच थांबत नसे.

बाबांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरला. "काय शास्त्रज्ञबाई, किती भरले?"

"आधी तुम्ही सांगा."

बाबा बराच वेळ बघत राहिले. "बगळे तेरा. ते पलीकडचे चार बघ, तासभर झाला, जागचे हलले नाहीत. सासुरवाडीला आलेत जणू."

धाकटी हसणार होती. पण बाबा गंमत करत नव्हते.

"बाबा, ते खुंटे आहेत."

"चारही?"

"चारही."

बाबांनी उरलेला चहा वाळूत ओतला आणि झाकण फिरवून घट्ट बसवलं. "सकाळचा हातगाडीवाला तरी खरा होता ना?"

"तो खरा होता. त्याने शिव्या दिल्या ना तुम्हाला."

"आधी शिव्या ऐकू आल्या, मग गाडी दिसली." ते पायरीवर बसले. "चष्मा दोनदा बदलला. डॉक्टर म्हणतात, आता काचेच्या हातात काही राहिलं नाही. तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही."

"आणि सोमवारी परवान्याची तपासणी."

"वीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचून घेतात. मागच्या खेपेला साहेब ओळखीचा होता, गप्पांत निभावलं. आता नवीन आलाय म्हणे."

"त्यालाही गप्पांत घ्याल तुम्ही."

"घेईन की. त्याचीच भीती वाटते." बाबांनी गुडघ्यांवर हात टेकले आणि उठले. "चल, मोजून टाक. मला घरी जाऊन अंदाजाने झोप लागणार नाही."

कपाटं दारातून जातील की नाही हे बघायची पट्टी टेम्पोच्या सीटखाली होती. टेम्पोचा नंबर बाबांना पाठ, त्यामुळे तो बाद. अभयारण्याच्या बंद चौकीसमोर राखणदाराची जीप उभी होती, ती ठरली. बाबा तिच्याकडे न बघता दूर चालत गेले, वळले आणि हळूहळू पुढे येऊ लागले. धाकटी जीपपाशी उभी राहिली.

"तीन, आठ..." बाबा थांबून म्हणाले.

"नाही."

"तीन, तीन..."

"बाबा, अंदाज नको. दिसलं की सांगा."

"बरं बाई. साहेबापेक्षा कडक आहेस."

ते आणखी थोडे पुढे आले. पुन्हा थांबले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत होतं, ते बाहीने टिपलं, चष्मा पुसला. आणखी एक पाऊल टाकलं. मग चारही आकडे एका दमात, बरोबर वाचले.

"आता हलू नका."

बाबांनी पट्टीचं टोक टाचेखाली दाबून धरलं. पट्टी पाच मीटरची होती, म्हणून धाकटी ती संपेल तिथे वाळूत रेघ मारायची, बाबा टोक घेऊन त्या रेघेवर यायचे. असं जीपपर्यंत पोचल्यावर ती खाली बसली, शेवटचा तुकडा नंबरपाटीच्या बरोबर खाली धरला आणि पुन्हा एकदा ताणून बघितला.

"किती?"

"अकरा मीटर, चाळीस सेंटिमीटर."