देवीच्या रुपयांची राखण

"ह्ये देवीचं रुपये न्हाईतच! शिसं हाय शिसं!" परशू उत्सवाच्या पटांगणात, भर मांडावर ओरडला आणि दिग्गी गावची सगळी माणसं गिरजाकडे वळून पाहू लागली.

देवीचे फारसी अक्षरांचे वीस जुने रुपये दोन घरांत दहा-दहा ठेवायची गावाची चाल होती. दर बारा वर्षांनी ते मांडावर आणून देवीपुढे एकत्र मांडायचे. दहा परशूच्या घरी असत, दहा कान्हूच्या. कान्हू जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून राखण त्याच्या बायकोकडे, गिरजाकडे होती. आज परशूचे रुपये केळीच्या पानावर लखलखत होते. गिरजाचे मात्र निळसर काळे दिसत होते, कडेला जांभळी-सोनेरी झाक मारत होते.

"एकट्या बाईच्या हाती दिल्यावर आणि काय व्हणार?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

गिरजाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण आवाज चढू न देता ती गावच्या मानकऱ्याला म्हणाली, "गावकर अण्णा, सोनार आलाय न्हवं उत्सवाला? त्येला बोलवा. मी हितंच हाय."

खानापूरचा पुंडलिक सोनार काटा घेऊन आला. त्यानं गिरजाचा एक रुपया दगडावर टाकला. तो खणखणीत वाजला. मग त्यानं काट्याच्या एका पारड्यात परशूचे दहा घातले, दुसऱ्यात गिरजाचे दहा. गिरजाचं पारडं खाली गेलं.

"दोन्ही चांदीच," सोनार म्हणाला. "पण परशू, तुझी झिजलीत. हे बघ, अक्षरं कुठं राहिलीत? बाईंच्या रुपयावर नखानं वाचता येतील. कशात ठेवतोस तू?"

"कांबळ्याच्या तुकड्यात," परशूचा आवाज उतरला. "काळं पडत्यात म्हून दर साली चिंच आन् राखेनं घासतो. देवीचं हाय, चकचकीत नको?"

"लोकरीनंच काळं पडत्यात रे," गिरजा म्हणाली. "लग्न होऊन आले तवा आमच्यातबी कांबळंच व्हतं. मग ह्यांनी चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं, तर धुरानं चिकट पिवळी पुटं चढली. मी म्हटलं, ऱ्हावद्या, मी बघते. बांबूचा सुका नळा घेतला. धुऊन मऊ झालेल्या सुती चिंधीत एकेक रुपया गुंडाळला, संगट कोळसा ठेवला, वरनं मेणानं तोंड बंद केलं. पावसाळा सरला की उघडायचं, चिंधी बदलायची, पर रुपयाला बोट लावायचं न्हाई. बोटाचा घामबी उमटतो. मागल्या मांडापासनं बारा वर्सं ह्येच केलं. हा रंग शिशाचा न्हवं, अण्णा. चांदीनं सावकाश घेतलाय त्यो."

सोनारानं तो रुपया कडेनं धरून उन्हात फिरवला. "असा रंग मी पेठेत कुणाकडे पाहिला नाही," तो म्हणाला.

परशूनं आपले दहा रुपये गोळा केले आणि खाली मान घालून गिरजापुढे ठेवले. "वैनी, चुकलं माझं. ह्ये बी तूच ठेव."

"ठेवते. ह्यांस्नी रंग परत चढंल, भाऊजी. अक्षरं मातर न्हाई यायची." एवढं बोलून तिनं त्याचा एकेक रुपया कडेनं उचलून चिंधीत घेतला.

मग गावकर साऱ्या गावाच्या वतीनं देवीला गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. राखणदाराचं नाव देवीला सांगायचा रिवाज होता आणि ते नाव आजवर घरच्या पुरुषाचंच घेतलं जाई. कान्हू गेल्यावरही दरसालच्या गाऱ्हाण्यात गावकर 'कान्हूच्या घरचं' असंच म्हणत आला होता. आज त्यानं आधी गिरजाकडे पाहिलं. हात जोडून, साऱ्या मांडाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"आई, तुजं धन गिरजाच्या हातात हाय. सांबाळून घे."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले. त्यात परशूचाही आवाज होता.

बाकीच्यांच्या माना देवीपुढे वाकलेल्या होत्या. गिरजा मात्र ताठ उभी राहून आपलं नाव ऐकत होती.