पुढचं घर

मूर्तीच्या बैठकीखालून त्या पत्राची एक कड बाहेर डोकावत होती – पिवळट, घडी घातलेली, नखाएवढी – आणि रोज सकाळी मेणबत्ती लावताना हिरालाल फ्रान्सिसची नजर आधी तिथंच जायची, मग वर, फातिमा मातेच्या चेहऱ्याकडे. नागपूरहून मातेच्या भक्तसंघाच्या सचिवबाईंनी ते उन्हाळ्याआधी पाठवलं होतं. उत्तर आज देऊ, उद्या देऊ… आणि एके दिवशी मूर्ती डुगडुगते म्हणून त्यानं पत्राचीच घडी करून खाली सरकवली. मूर्ती स्थिर झाली. पत्र डोळ्यांआड झालं, तेवढी कड सोडून.

मजकूर पाठ होता. आपल्या पत्नी आनंदाबाईंच्या जाण्याचं दुःख आहे. आपल्या भागात आता सदस्यांची घरं उरली नसतील तर मूर्ती परत पाठवावी, दुसरीकडे कुटुंबं वाट पाहत आहेत. यात चूक काय होतं? दूरदेशी फातिमा नावाच्या गावात मेंढ्या राखणाऱ्या तीन मुलांना मरिया माता दिसली, रोज जपमाळेवर रोजरी म्हणा, जगाला शांती मिळेल, असं म्हणाली – तो निरोप घरोघर पोचवायचा म्हणूनच तर संघ. मूर्ती एका घरी आठवडाभर राहायची. ती पाठवायची नसायची. पुढच्या घरानं येऊन न्यायची, अशी रीत. नाकाडोंगरीच्या खाण-वसाहतीत एकेकाळी तिचं फिरणं संपत नसे. मग माणसं निवृत्त झाली, कुणी मुलांकडे गेली, कुणी मातीत… आणि माता याच घरी थांबली. पुढचं घरच नव्हतं.

हे तरी लिहायचं होतं. पण लिहिलं असतं तर मूर्ती गेली असती, आणि संध्याकाळी त्या कोपऱ्यापुढे एकट्यानं बसून आपण काय केलं असतं? – आनंदाचा गुडघे टेकण्याचा आवाज अजून तिथंच आहे, ‘प्रणाम मरिया’ म्हणताना तिला लागणारी धाप तिथंच आहे.

माझी भक्ती ती केवढीशी, असं त्याला नेहमी वाटायचं. फातिमावरची सगळी पुस्तकं त्यानं वाचली होती. वसाहतीचं वाचनालय सांभाळण्यातच जन्म गेला. आनंदानं एकही वाचलं नव्हतं, आणि ती मात्र नळावर, बाजारात, बांधावर गोष्ट सांगत सुटायची – “तीन पोरं बकऱ्या चारून राहिले होते…” तो मागून हळूच म्हणायचा, “मेंढ्या.” ती न ऐकल्यासारखं करून पुढे जायची. निरोप तिनं पोचवला. आपण काय केलं? दुरुस्ती.

आज महिन्यातला पहिला शनिवार. आनंदा या दिवशी रोजरीला शेजारपाजार गोळा करायची. समोरच्या घरची सुलोचनाबाई रोजच्यासारखी झेंडू घेऊन आली. फुलं वाहिली, मातेच्या पायाला कुंकू लावलं. हे कुंकू पुसावं की राहू द्यावं, हा प्रश्न त्याला इतकी वर्षं सुटला नव्हता. आनंदाला तो कधी पडलाच नव्हता.

“भाऊजी, एक विचारू? हे माय आमच्या घरी काहून नाही येत?”

तो गडबडला. “तसं नाही वहिनी… सदस्यांच्या घरी जाते ती.”

“आनंदाबाईसंगं मी किती वर्सं बसली इथं. मले कुठं नाव नाही लिहाचं. आठ दिवस पाहुणी म्हणून ठेवतो.”

“लोक काही म्हणतील.”

“काय म्हणतील? मी का धर्म बदलवून राहिली?” मग त्याच्याकडे रोखून पाहत, जरा हसून, “का तुमालेच सोडवत नाही?”

ती गेली. त्यानं संघाच्या नियमांचं पुस्तक काढलं, मिटलं. पुढच्या घरानं येऊन न्यायची… आणि ही बाई रोज सकाळी फुलं घेऊन दारात येत होती.

ऊन उतरल्यावर त्यानंच तिला हाक मारली. ती नवऱ्याला, सुखरामला, घेऊन आली. हिरालालनं मूर्ती उचलली. पत्र खाली चिकटून आलं, मग गळून पडलं. वाट चार पावलांची, पण तो एकेक पाऊल जपून टाकत होता – पाडली तर? आनंदा असती तर म्हणाली असती, मायले पडाची भीती नाही, तुमालेच आहे.

सुलोचनाबाईच्या घरी पाटावर मूर्ती ठेवली. धानाच्या कणगीला टेकून सुखराम बसला. “आता सांगा गोष्ट. आनंदाबाई सांगत होत्या तशी.”

“मला जमत नाही हो.”

“आमाले कुठं जमते? आमी ऐकाले बसलो.”

त्यानं घसा साफ केला. मान खाली घालून, पाटाकडे पाहत तो बोलू लागला. “तीन पोरं… बकऱ्या चारून राहिले होते…”

‘बकऱ्या’ हा शब्द तोंडून निघून गेला होता. मागून कुणी काही म्हणालं नाही. तो थांबला, आणि त्या थांबण्यात त्याला आनंदाची धाप ऐकू आली – इथं, या परक्या घरात, मातीच्या आणि नव्या धानाच्या वासात.

“मंग?” सुलोचनाबाई म्हणाली.

मग सगळं सांगितलं. ‘प्रणाम मरिया’ मोठ्यानं म्हटलं; सुलोचनाबाई मागोमाग म्हणत होती, आनंदासारखीच मधले शब्द गाळत. त्यानं दुरुस्त केले नाहीत.

घरी आला तेव्हा कोपऱ्यात मूर्तीच्या जागी धुळीत एक कोरं वर्तुळ होतं, त्यात ते पत्र. तसाच टेबलाशी बसला. पोस्टकार्डावर त्यानं लिहिलं: ‘मूर्ती पुढच्या घरी गेली आहे. ते घर संघाचं नाही. चालत नसेल तर कळवावं; पण ते स्वतः न्यायला आले.’ उशिराबद्दल क्षमा मागायला जागा उरली नव्हती. दुसरं कार्ड घ्यावं का… नको.

ग्रामपंचायतीजवळच्या पेटीत कार्ड टाकलं तेव्हा दिवे लागत होते. परतताना त्याच्या लक्षात आलं, उद्या रोजरी म्हणायची तर समोरच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार, आत येऊ का म्हणून विचारावं लागणार… आणि ते कसं विचारायचं, याची जुळवाजुळव करत, ओठ हलवत, तो चालत राहिला.