कडब्यावरचं काळं कापड

माझी सून करुणा दौंडकडच्या एका केमिकल कंपनीत आहे. औषधाचा कच्चा माल बनवताना तिथं पूर्वी पॅलेडियम नावाचा महागडा धातू घालत. तो स्वतः खर्ची पडत नाही, पण त्याच्याशिवाय काम पुढं सरकत नाही. वापरलेली पूड कापडातून गाळून कुलूपबंद डब्यात जायची. करुणानं साहेबांच्या मागं लागून त्याच कामाला साधं निकेल लावलं. स्वस्त म्हटल्यावर डब्याचं कुलूप निघालं.

त्या दुपारी ती ड्युटीवरून आली आणि गाडी लावता लावता थबकली. शेजारच्या अंजनाच्या कडब्याच्या गंजीवर जाड, काळपट कापड वाळत होतं. अंजना त्याच कंपनीत झाडायला जाते.

"मावशी, हे गाळायचं कापड ना?"

"व्हय. टाकूनच देत व्हते. म्हशीला झूल व्हईल. थांब, झटकते, काळं पडंल खाली."

"हात लावू नका."

अंजना हसली. "कुलपातलं न्हाई गं ते. स्वस्तातलं हाय."

"स्वस्त आहे, पण कापडाला चिकटलेली निकेलची पूड वाळली की आपोआप पेटते. म्हणून पाण्यात ठेवतात. आबा, पाणी आणा."

लाइट नव्हती, मोटार बंद. पाणी होतं ते फक्त म्हशीच्या टाकीत, आणि म्हैस गंजीला लागूनच बांधलेली. मी बादली बुडवली तशी तिनं मान मध्ये घातली. अंजना दावं सोडू लागली, पण गाठ सुटेना.

करुणा शिडीवर चढली. कापडाची एक कड वाळून राखाडी झाली होती. वारा आला, कड हलली आणि पुडीत लाल ठिपके उमटले. धूर नाही, जाळ नाही. खालच्या कडब्याच्या ताटाचं पान मात्र आक्रसलं.

मी बादली वर दिली. तिनं पाणी हळूहळू, कडेकडेनं सोडलं. चर्र आवाज झाला. मग ओलं कापड अलगद गुंडाळून तिनं बादलीतल्या उरलेल्या पाण्यात दाबून धरलं.

एकदाचं सुटलेलं दावं हातात घेऊन अंजना खालीच बसली. "कंपनीत सांगशील?"

"सांगणार. कुलूप काढलं तेव्हा मीच गप्प बसले, ते आधी."

अंजनानं दावं खाली ठेवलं.

"मंग माझंबी नाव घे. न्हाईतर म्हणतील, पोरगी उगा भ्या दाखवती."

सुटलेली म्हैस बादलीकडं निघाली होती. पाणी तिचंच होतं. मी बादली उचलून घरात नेली आणि दाराला कडी लावली.